काळीपिवळीचे अकरा मिलिमीटर

अन्याय माझ्या बापावर झाला. यशवंत मेश्राम, आधी पारशिवनी-नागपूर रस्त्यावर काळीपिवळी, म्हणजे सवाऱ्यांची जीप, चालवणारे, त्या वेळी मनीषनगरात शाळेची व्हॅन चालवणारे. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, सदरमधल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण नोंदीच्या कागदावर ती मीच लिहिली. मापं घ्यायचा कॅलिपर माझ्या हातात होता.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. वस्तीतला नळ, उखडलेला फुटपाथ, बंद पडलेलं वाचनालय, ह्यांच्यावर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की छापखान्यातला माणूस मला बघून न विचारता निळा कागद काढतो. त्या सगळ्या पत्रकांत चूक करणारा दुसरा कोणीतरी असायचा, आणि मी बोट दाखवायचे. ह्या प्रकरणात ती सोय नाही. आमच्या नावामुळे, आडनावामुळे हे घडलं असं लिहिलं असतं तर पत्रक झकास झालं असतं आणि लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण त्या टेबलावर नावं नव्हतीच, नुसते क्रमांक होते. मी आज तेहतीस वर्षांची आहे. आई म्हणते, "आतापासून आठवणी लिहितं का कोणी? म्हातारी झाली का तू?" झाले असेन. दर वर्षी एकच गोष्ट मागून आणि दर वर्षी नकार ऐकून माणूस लवकर म्हातारा होतो.

तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. मनीषनगरात रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या. फाटक पडलं की गाड्यांचे हॉर्न, फाटक उघडलं की त्याहून जास्त हॉर्न. आईचं सगळं घड्याळ त्या फाटकावर चालायचं. कुकर कधी लावायचा, कणीक कधी भिजवायची, सगळं. बाबांची व्हॅन सकाळी सहाला निघायची. नऊ वाजता परत. मग दुपारची फेरी, मग संध्याकाळची. मधल्या वेळात बाबा समोरच्या खोलीत खाटेवर पाय सोडून बसायचे, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, ब्रेक असल्यासारखा. आई वांग्याच्या भाजीत मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकता टाकता म्हणायची, "उतरा आता. आलं घर."

मैत्रिणीच्या भावानं मला सदरच्या क्लबात नेलं. तिथे दर रविवारी वीस-बावीस माणसं जमायची आणि छोट्या मोटारी बनवायची. एकास चोवीस हे आमचं माप. खऱ्या गाडीचे दोन फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. त्यात बँकेतले साहेब होते, एक दाताचे डॉक्टर होते, जे झिजलेल्या ड्रिलच्या सुया आम्हाला आणून द्यायचे, आणि आमच्यासारखी दोन-चार कॉलेजची पोरं. खालच्या टपरीवरून तर्री-पोहे यायचे, आणि तर्रीचा हात मॉडेलला लागू नये म्हणून पोहे चमच्यानं खायचा कडक नियम होता. क्लबचे अध्यक्ष पाठक सर, पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे कपाटभर कारखान्यांची ड्रॉइंग्ज होती. कुठल्याही गाडीचं नाव घ्या, सर न बघता चाकांमधलं अंतर सांगायचे. माणूस कडक पण सरळ. नवख्याच्या मॉडेलवर ते कधी हसले नाहीत. "पुन्हा कर" एवढंच म्हणायचे.

मी पहिली गाडी घरी आणली ती लाल रंगाची, शर्यतीची, परदेशी. डब्यातले भाग जोडून केलेली. बाबांनी ती तळहातावर घेतली आणि वळवून वळवून पाहिली.

"कोण बसते हिच्यात?"

"कोणी नाही बाबा. मॉडेल आहे."

"तसं नाही म्हणत. खऱ्या गाडीत कोण बसते?"

"परदेशातला कोणी ड्रायव्हर."

"तू ओळखते त्याले?"

"नाही."

"मंग त्याची गाडी काहून बनवून राहिली तू?"

मी गाडी परत डब्यात ठेवली. चार दिवसांनी बाबांनीच विचारलं, "काळीपिवळी बनते का गा यात?" मला 'गा' म्हणायचे ते खुशीत असले की. आई ओरडायची, "पोरीले गा काय म्हणता!"

आमची काळीपिवळी भंगारात गेली तेव्हा मी नववीत होते. अकरा वर्षं बाबांनी ती चालवली. सकाळी पारशिवनीहून भाजीचे हारे, दूध, शाळेतले मास्तर, दवाखान्यात निघालेल्या बाया; संध्याकाळी तीच माणसं उलटी. ती गाडी बाबांनी पारशिवनीतल्या एकाकडून जुनी म्हणून घेतली होती. तिचा धड फोटो एकही नाही. गावातल्या एका लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या फेट्यामागे तिचा अर्धा दिवा दिसतो, बस. क्लबात मॉडेल ठेवायचं तर मापं हवीत. मी म्हटलं, मापं कुठून आणायची? बाबा म्हणाले, "आणायची काहून? आहेत नं."

त्यांनी मला गच्चीवर नेलं. हातात खडू. डोळे मिटून ते उकिडवे बसले आणि सिमेंटवर वीत टाकत सरकू लागले. अकरा वर्षं रोज सकाळी ती गाडी त्यांनी हातानं धुतली होती, बोनेटपासून मागच्या फाटकापर्यंत. हाताला तिची लांबी पाठ होती. वीत टाकायचे, खडूची रेघ मारायचे, मनात मोजायचे. अर्ध्या तासात गच्चीवर आमची गाडी उभी होती, आडवी पडलेली. ड्रायव्हरच्या जागी त्यांनी बादली उलटी ठेवली आणि बसले. शेजारचे गजभिये काका कपडे वाळत घालायला आले.

"काय गा मेश्राम, गाडी घेतली का नवी?"

"घेतली न. पेट्रोल लागत नाही हिले."

"अन् सवारी?"

"बसा. फुल झाल्याशिवाय सोडत नाही मी."

काका खरंच बसले. आई वर आली तर तिला मागच्या बाकावर बसवलं. ती म्हणाली, "गाडी घेतली तवा समोर बसवत होते मले. आता मागं." बाबा म्हणाले, "तवा सवारी कमी होती वं." तिघंही त्या खडूच्या चौकोनात बसून इतके हसले की खालून घरमालकीण विचारायला आली.

मी मापं लिहून घेतली. एकूण लांबी वीस वीत, वर चार बोटं. बाबांची वीत मी पट्टीनं मोजली, नऊ इंच पुरे. चार बोटं तीन इंच. चोवीसनं भागलं. एकशे चौऱ्याण्णव मिलिमीटर. हा हिशेब मी केला, माझ्या अक्षरात, माझ्या वहीत. हे विसरू नका.

चार महिने बाबा ती गाडी बनवत होते, फेऱ्यांच्या मधल्या वेळात. फाटून पडलेल्या जाहिरातीच्या फलकाची कडक शीट ब्लेडनं कापून तिचं अंग केलं. समोरची जाळी चहाच्या गाळणीची. दिवे म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावरचे पारदर्शक फुगे. मागची शिडी सेफ्टी पिनांची. बाकांवर आईच्या जुन्या पर्सचं रेक्झिन. पिवळा रंग बाबांना पटेना. तीनदा घासून काढला. "एवढा पिवळा नव्हता. उन्हानं उडालेला होता." घरभर पॉलिश पेपरची खरखर आणि थिनरचा वास; आईनं भात थिनरचा लागतो म्हणून दोन दिवस अबोला धरला. मागचं फाटक उघडायचं, बंद व्हायचं, आणि आमच्या खऱ्या गाडीसारखंच बंद करताना थोडं वर उचलावं लागायचं. ते मुद्दाम केलं होतं. मी आजवर क्लबात शेकडो मॉडेलं पाहिली. असं फाटक पाहिलं नाही.

आता क्लबातली एक पद्धत सांगते. वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक मॉडेल कॅलिपरनं मोजायचं आणि कारखान्याच्या ड्रॉइंगशी ताडायचं. दोन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर ते मॉडेल मुख्य टेबलावरून उचलून खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर ठेवायचं. त्याला म्हणतात खेळण्यांचं टेबल. मुख्य टेबलाला दोरी लावलेली असते. खेळण्यांच्या टेबलाला नाही. आलेल्या लहान मुलांना तिथे हात लावू देतात. पद्धत कोणी सुरू केली कोणाला माहीत नाही. गमतीत झाली असेल. बऱ्याच क्रूर गोष्टी गमतीतच सुरू होतात.

त्या वर्षी मोजायचं काम मला मिळालं. क्लबात कॅलिपर धरणारी मी पहिली मुलगी. ह्याचा मला केवढा माज होता ते आज लिहितानाही लाज वाटते. नियम असा की मोजणाऱ्याच्या घरचं मॉडेल प्रदर्शनात नसावं. मी बाबांचा फॉर्म भरला आणि कोणाला सांगितलं नाही. नागपुरात मेश्राम काय, गल्लीगल्लीत सापडतात. बाबांना म्हटलं, तिथे ओळख दाखवू नका. ते म्हणाले, "ठीक आहे बाई." कारण विचारलं नाही.

दुपारी आमची गाडी माझ्यासमोर आली. पाठक सर शेजारी ड्रॉइंग घेऊन.

"सांग."

"एकशे चौऱ्याण्णव."

"एकशे त्र्याऐंशी हवं. पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. एकशे चौऱ्याण्णवच. अकरा मिलिमीटर जास्त. सरांनी चष्मा काढला आणि ते मागचं फाटक दोनदा उघडून लावलं. "हात काय आहे ह्या माणसाचा," ते म्हणाले. "वाईट वाटतं. पण ही ती गाडी नव्हे. तिकडे ठेव."

मी एक शब्द बोलले नाही. लोक मला विचारतात, ओळख उघडी पडेल म्हणून गप्प बसलीस ना? ते होतंच. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. मला ड्रॉइंग खरं वाटलं. छापलेला कागद, कारखान्याचा शिक्का, बारीक रेघा. आणि दुसरीकडे डोळे मिटून खडू धरलेला माझा बाप. मी क्षणभरही थांबले नाही. मनात म्हटलं, बाबांची आठवण चुकली. मग गाडी उचलून स्वतः खिडकीजवळ नेऊन ठेवली आणि कागदावर वेळ लिहिली.

दहा मिनिटांनी बाबा आले. व्हॅन धुऊन, पांढरा शर्ट घालून. मुख्य टेबलाभोवती दोरीच्या बाहेरून एक फेरी मारली, दुसरी मारली. मग त्यांना खिडकीकडे दिसलं. चार वर्षांचा एक मुलगा आमची काळीपिवळी टेबलावरून घर्रर्र करत पळवत होता. शिडी निघून लोंबत होती. बाबा त्याच्याशेजारी वाकले. "बाळा, हिचं मागचं फाटक उघडते. असं. अन् लावतानी थोडं उचलाचं." मुलगा खूश. त्याची आई म्हणाली, "काका, तुम्ही बनवली का?"

बाबांनी वर पाहिलं. मी बारा फुटांवर उभी होते, क्लबचा बिल्ला लावून, हातात कॅलिपर. आमची नजर मिळाली. ते म्हणाले, "नाही जी. मी आपला पाहून राहिलो."

परतताना व्हॅनमध्ये फक्त आम्ही दोघं. गाडी त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर दिली होती. फाटक पडलेलं होतं, आम्ही थांबलो, तेव्हा विचारलं, "किती ज्यादा झाली वं?"

"अकरा मिलिमीटर."

"म्हंजे खऱ्या गाडीत किती?"

"दहा-साडेदहा इंच."

"एवढी!" त्यांनी हँडब्रेक ओढला. "मंग माझ्याच हाताची चूक असन. छापलेलं काही खोटं नाही राहत."

मी मांडीवरच्या रुमालाची गाठ घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर बाबा खाटेवर वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि हॅक्सॉच्या पात्यानं गाडी मागून कापत होते. आई दारात उभी. "काहून कापून राहिले? चार महिने घातले ना तिच्यात!" "ज्यादा झाली होती," ते म्हणाले. मागचे बाक आखूड केले, फाटक पुढे सरकवलं, पुट्टी भरली. वर उचलावं लागायचं ती खोड त्यात गेली. फाटक आता एका बोटानं लागायचं. पुढच्या वर्षी मी कॅलिपर सोडला आणि बाबांनी उघडपणे नाव घातलं. माप तंतोतंत. 'उत्तम' असं प्रशस्तिपत्र मिळालं, गाडी क्लबच्या काचेच्या कपाटात गेली. आजही आहे. बाबांनी ते प्रशस्तिपत्र पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलं आणि पुन्हा कधी ब्लेड हातात घेतलं नाही. मी किट आणून दिल्या. "तूच बनव," म्हणाले. "मले आता भरवसा नाही."

त्यांना दुसऱ्याही कशाचा भरवसा राहिला नाही. अमक्याचं घर रस्त्याच्या डावीकडे होतं की उजवीकडे, पोरांच्या जन्माच्या वेळी पाऊस होता की नव्हता, सगळं ते आईला विचारून मग बोलू लागले. आधी असे नव्हते. गावोगावच्या लोकांची सोयरीक त्यांना तोंडपाठ असायची. चार वर्षं हे चाललं. मी त्या चार वर्षांत सतरा ठिकाणी भाषणं केली.

मग पारशिवनीत मावसभावाचं लग्न निघालं. जेवणाच्या पंगतीत शेजारी एक म्हातारे वेल्डर बसले होते, बंडूभाऊ. भाताचा गोळा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "कोणाची पोरगी वं तू?"

"यशवंत मेश्राम."

"काळीपिवळीवाला? ते उडालेल्या पिवळ्या रंगाची?"

"हो."

"अवं, तिची शेपटी म्या लांबवली होती. तुह्या बापानं घेतली त्याच्या पहिले. जुना मालक मले म्हणे, बंडू, मांगं दोन सवाऱ्या ज्यादा बसल्या पाहिजेत. चेसिस कापली, तुकडा जोडला. साडेदहा इंच. इतका साफ जोड का आरटीओलेही दिसला नाही." आणि समाधानानं वरण ओढलं. 

त्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या अशा लांबवलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. कारखान्यातून निघालेली गाडी आणि आमच्या रस्त्यावर धावलेली गाडी ह्या दोन वेगळ्या गाड्या होत्या. बाबांनी दुसरी बनवली होती. अगदी बरोबर बनवली होती.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. त्या रविवारी मला त्यांच्यापेक्षा कागद खरा वाटला होता, हेही. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता समजलं, मांगच्या बाकावरच्यांले काहून मळमळे. चाकाच्याही मांगं बसत जात ना ते."

आई म्हणाली, "अन् मी अकरा वर्षं तुमच्या डायव्हिंगले नावं ठेवत होती!"

ते हसले. मग त्यांनी उजवा पंजा खाटेवर पसरला आणि वीत ताणली. मी म्हटलं, "बाबा, पुन्हा बनवू. मी कापते, तुम्ही सांगा." त्यांनी हात उचलून मला दाखवला. बोटं थरथरत होती. "उशीर केला वं, प्रज्ञा," एवढंच. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

मी पाठक सरांकडे गेले. तावातावानं. ह्या क्लबनं एका माणसाची आठवण मोडली, असं काहीतरी पाठ करून गेले होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "माझ्याकडे ड्रॉइंग होतं. तुझ्याकडे तोंड होतं. दोघांपैकी कोणाला माहीत होतं तो माणूस कोण आहे ते?" त्यांच्यावरचं पत्रक मी तिथेच मनातल्या मनात फाडलं. पुढच्या सभेत माझ्या ठरावाला पहिला हात त्यांचाच होता. दुसरा माझा. तिसरा आला नाही.

तेव्हापासून दर वर्षी मी तोच ठराव आणते: मोजण्याआधी करणाऱ्याला विचारावं, ही कोणती गाडी, आणि त्याचं उत्तर ड्रॉइंगच्या बरोबरीनं नोंदवावं. दर वर्षी पडतो. आता क्लबात लेझरवाले तरुण आले आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हुशार. ते म्हणतात, "ताई, असं प्रत्येकाचं ऐकत बसलो तर अचूकपणाचं काय?" मी तेच तेच सांगते. घसा बसतो. खेळण्यांचं टेबल खिडकीजवळ तसंच आहे. बाबा आता व्हॅनही चालवत नाहीत. क्लबच्या कपाटात त्यांच्या नावाची एक गाडी आहे, जी त्यांनी कधी चालवली नाही. ती तिथून काढा म्हणून मी अर्ज दिला, तर उत्तर आलं की प्रमाणित मॉडेल काढता येत नाही.

मी थकले आहे आणि ह्या वेळी मला माना डोलावणारे नकोत. तुम्ही मॉडेल बनवत असाल किंवा नुसते पोराला घेऊन प्रदर्शन बघायला जाणार असाल, तर येत्या दिवाळीनंतर सदरचा तो जिना चढा. आधी खेळण्यांच्या टेबलापाशी जा. तिथल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक वाचा, करणाऱ्याला बोलावून घ्यायला लावा आणि सगळ्यांदेखत त्याला विचारा, ही गाडी कोणाची, कुठे चालली. तो बोलेपर्यंत पुढचं एकही मॉडेल कोणाला मोजू देऊ नका.